ताकवाल्या धोंडाबाईची परकी माणसं

प्रेरणा आता हे सांगते तेव्हा पदर तोंडाला लावून हसते. पण तेव्हा तिला अगदी खरंच वाटायचं, की धोंडाबाई ताकात मरणाची मिरची घालते.

बघा ना, पालीतलं तिचं सासर गावाच्या पार टोकाला. राजगडाची वाट ओट्याखालूनच जाते. सकाळी पुण्या-मुंबईची पोरं पाठीला बोचकी लावून खिदळत वर जायची, आणि उतरताना त्यांच्यातलं एखादं तरी डोळे पुसत यायचं. अर्ध्या वाटेवर करवंदीच्या जाळीशी धनगरवाड्यातली म्हातारी धोंडाबाई ताकाचा हंडा घेऊन बसते, एवढंच प्रेरणाला ठाऊक. डोळ्यांत पाणी, नाक लाल, म्हणजे मिरचीच की! हुशार हो आमची किकवीच्या माहेरची पोर.

हुशारी कुठली, त्या दिवसांत तिला धड काही सुचतच नव्हतं. लेक चार महिन्यांची. भाटघरच्या धरणाच्या तळाशी बसून वरचं जग बघावं, तसं तिला सगळं दिसायचं. लेकीचं रडणं पल्याडच्या काठावरून आल्यासारखं यायचं. दूध उतू जायचं आणि ही त्याच्याकडे ढगाकडे बघावं तशी बघत राहायची. झोप नाही, आणि जाग म्हणावी तर तीही नाही. घरातले म्हणायचे, ओल्या बाळंतिणीला बाहेरचं लागलंय.

बाळाला सुया टोचायला आलेल्या नर्सबाईने तिचा चेहरा बघून भोरच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंच्या नावाची चिठ्ठी दिली. नवरा हनुमंत, माणूस गरीब गाय. त्याने चिठ्ठीची घडी घातली आणि भैरवनाथाच्या फोटोमागे सरकवली. "धाकट्या बहिणीचं लगीन व्हायचंय अजून," म्हणाला. संपलं.

मग एके दिवशी सकाळी धुकं असं उतरलं, की गडच नाहीसा झाला. प्रेरणाने लेकीला झोळीत बांधलं आणि ती वाटेने चढत निघाली. का, ते तिलाही ठाऊक नाही. पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे चालत होते. धुक्यात कुठेतरी शेळीची घंटा वाजे, ती मागून येतेय की आपल्याच पोटातून, कळत नव्हतं. आणि एकदम समोर जाळी, हंडा आणि धोंडाबाई.

"बस पोरी. आज कोण यायचं न्हाई, ताक तुझंच."

प्रेरणाने घोट घेतला. थंडगार, जिऱ्याचं.

"मावशी, मिरची कुठंय ह्यात?"

"मिरची? ताकात? कुण्या मेल्यानं सांगितलं?"

"मग ती माणसं रडत का येतात खाली?"

धोंडाबाई अशी हसली, की झोळीतली पोर दचकली. मग हंड्यावर झाकण ठेवून म्हणाली, "गाववाल्यास्नी कधी न्हाई सांगितलं. जीब जड हुती. तू जराशी परकी हो बरं."

"मी किकवीची, परकीच की."

"मंग ऐक." आणि धुक्याकडे बघत तिने सांगितलं. तरणी होती तेव्हा. एक दिवस ताक घुसळता घुसळता हात थांबला. दोरी हातात, पण हात तिचा नाही. दोन पावसाळे ती त्याच खांबाशी बसली. दुःख झालं होतं का? काही नाही. मेंढरं धड, माणसं धड. अंगारे झाले, लिंबं झाली. शेवटी भावाने भोरला नेलं. बाजरीच्या दाण्याएवढी गोळी, तीन वर्षं. हळूहळू हात परत आला, मग चव, आणि सगळ्यांत शेवटी हसू.

"पयलं सांगितलं त्या एका पगडीवाल्या बाबाला. त्याला मराठी येत न्हवतं, म्हून त्यालाच. काय कळलं त्याला देव जाणे, पन लई येळ हात जोडून बसला. मंग एक बुरखेवाली कालेजची पोरगी, ती तर मलाच सांगाया लागली तिचं. मंग लागलीच सवय, येईल त्या परक्याला सांगायची; कुनी कुनी रडतं ऐकून. दमल्यालं मानूस उठून जात न्हाई, बघ."

प्रेरणा रडली नाही. पण लेक कुरकुरली तेव्हा तो आवाज पहिल्यांदाच अगदी कानाजवळून आला.

त्याच रात्री प्रेरणाने फोटोमागची चिठ्ठी काढून हनुमंतपुढे ठेवली. त्याने घडी उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "जा. पन कुणी इचारलं तर कंबर धरलीय म्हन."

सकाळच्या एसटीत धोंडाबाई खिडकीशी, मांडीवर झोपलेली लेक, शेजारी प्रेरणा. बाहेर भाताची खाचरं धुक्यात तरंगत मागे जात होती. आणि पुढच्या बाकावरून साळूबाईने मान वळवली. गावात सुई पडली तरी हिला आधी कळतं!

"कुठं गं निघाली, सूनबाई?"

कंबर, कंबर, प्रेरणा मनात घोकत होती. तोंड उघडलं, तर बाहेर आलं भलतंच.

"मनाच्या डॉक्टरकडं, आत्या. झोप लागत नाही. लेकीला घेतलं तरी काही वाटत नाही."

कंडक्टरने पंच मारायचा हात थांबवला. चार माना वळल्या. प्रेरणाचे कान तापले.

"म्याच नेतीय," धोंडाबाई म्हणाली. "मला बी तिथंच बरं वाटलं."

"मला काय सांगती? ठावं हाय की," साळूबाई म्हणाली. "रस्त्याला डांबर पडलं, त्या साली."

"त्या साली न्हाई. डांबराच्या आदी."

"डांबराच्याच साली, धोंडे!"

"आजारी म्या का तू?"

"मला पक्कं याद हाय!"

मागून कुणी म्हणालं, डांबराच्याच साली. कुणी म्हणालं, हट, आधी. लग्नाचं साल ठरवावं तशी अख्खी एसटी त्या आजाराचं साल ठरवायला बसली.

धोंडाबाईने लेकीला खांद्यावर घेतलं. "साळू, तू मला बघाया आलीवतीस. वाटीत खीर हुती, वर झाकण. दारातनंच माघारी फिरलीस. कडंवर तुझा ज्ञानू, तानं प्वार. डांबर पडलं तवा ह्योच ज्ञानू डांबरात चप्पल चिकटवून बोंबलत व्हता. तानं प्वार चप्पल घालून पळतंय व्हय गं?"

एसटी खो खो हसली. साळूबाई पदराशी चाळा करत राहिली.

"बरं बाई," अखेर म्हणाली, "आदल्या साली."

"आदल्या न्हाई. त्येच्या बी आदल्या."

"त्येच्या बी आदल्या," साळूबाई म्हणाली.