वायफाय, कुंकू आणि उरलेले तीन स्क्रू

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं कळणारा एकच माणूस आहे. तो मी. हे मला कुणी सांगितलेलं नाही, मीच सगळ्यांना सांगत आलोय.

दसऱ्याच्या आठवड्यात मी आमच्या जुन्या लॅपटॉपमधलं विंडोज काढून लिनक्स टाकलं. कुणी मागितलं नव्हतं. वायफाय झकास लागलं, तसा उमापुरात असं करणारा पहिला माणूस मीच, हे टपरीवर चौघांना ऐकवून आलो. (चौघांनी चहा संपवला आणि उठले.) खंडेनवमीला तर मी हट्टाने लॅपटॉप पूजेच्या पाटावर मांडला, कोयत्याच्या शेजारी. आईने हळदकुंकू वाहिलं.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी अकराला वैशालीची, म्हणजे माझ्या बायकोची, ऑनलाइन मुलाखत होती. शहरातल्या एका क्लासला घरबसल्या मुलांना कॉम्प्युटर शिकवणारी बाई हवी होती. दोन वर्षं अर्ज करून करून पहिल्यांदा तिला कुणी बोलावलं होतं. साडेदहाला लॅपटॉप उघडला, तर वायफाय गायब!

मी जाणकारासारखं जाहीर केलं, की वायफायच्या कार्डाचा ड्रायव्हर बिघडलाय. तो इंटरनेटवरून घ्यायचा आणि इंटरनेट यायला तोच लागतो, एवढीच काय ती अडचण. मग वैशालीचा फोन ताब्यात घेतला आणि त्यात बघून बघून कमांडा ठोकायला लागलो. एका कमांडने तर स्वच्छ सांगितलं, की कार्ड धडधाकट आहे, फक्त बाहेरची कळ बंद आहे. मी ते वाचलं. पण इतक्या किरकोळ कारणावर माझ्यासारख्याचा विश्वास कसा बसावा?

वैशाली म्हणाली, फोनवरनंच देते मुलाखत. घरात लॅपटॉप असताना फोनवर? लोक काय म्हणतील! पावणेअकराला मी ट्रॅक्टरच्या पेटीतला पेचकस आणला, लॅपटॉप पालथा घातला, कार्ड काढलं, फुंकलं, परत बसवलं. झाकण लावल्यावर तीन स्क्रू उरले. ते मी गुपचूप खिशात घातले.

वैशालीचे डोळे भरले होते.

"आवो, तुमाला लई येतंय, मान्य हाय. आता माझा फोन द्या."

मला खरंच लाज वाटली. तिने फोन पिठाच्या डब्याला टेकवला आणि मुलाखत सुरू झाली. मी मागे भिंतीशी लॅपटॉप मांडीवर आणि पेचकस हातात घेऊन बसलो. तेवढ्यात आई शेजारी येऊन वाकली.

"आरं, पूजेच्या दिशी हितं कुंकू सांडलतं. मी पदरानं पुसलं. तवा ही बारकी कळ सरकली का काय?"

समोरच्या कडेला, कुंकवाने लाल झालेली, वायफायची कळ! मी ती नखाने ढकलली. वायफाय आलं. त्याच वेळी फोनमधून प्रश्न आला, की मॅडम, मागे पेचकस घेऊन बसलेत ते दुरुस्तीवाले का?

"नाही सर, आमचे मिस्टर आहेत," वैशाली म्हणाली. "अजून शिकतायत."

नोकरी तिला लागली. पहिल्याच तासाला तिने मुलांना सांगितलं, काही बंद पडलं तर आधी कळ बघायची. उदाहरण घरचंच दिलं.

यंदाच्या खंडेनवमीला लॅपटॉप परत पाटावर होता. (तीन स्क्रू कमी असूनही चालतो.) मी त्याच्या शेजारी पेचकस ठेवायला गेलो, तर आईने तो उचलून बाजूला केला.

"पूजा कामाच्या आवजारांची असती," ती म्हणाली.

मीही मग मुकाट्याने पेचकसाशेजारी जाऊन बसलो.