बदली साहेबाची, रडणं माझं

दौंडच्या एका रेल्वे साहेबाच्या बदलीला मी ढसाढसा रडलो. त्या साहेबाला मी त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं.

साठ-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. पुण्यात एका फोटो स्टुडिओत मी हाताखालचा माणूस होतो. म्हणजे काळ्या कापडात मालक शिरायचे आणि बाहेर उभं राहून "हसा, हसा!" मी म्हणायचो. एकदा मालकांची कंबर धरली आणि दौंडच्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटो काढायला मला एकट्याला जायचा हुकूम झाला.

"हे नीट केलंस तर यापुढे बाहेरची कामं तुझी," मालक म्हणाले. "बिघडवलंस तर जन्मभर 'हसा, हसा' करत बस!"

कॅमेऱ्याचा खोका आणि स्टँड आदल्या दिवशीच रेल्वेने पुढे गेला होता. महागाचं म्हणून भिंग तेवढं मालकांनी माझ्या हातात दिलं. "जिवापाड जप. सरळ गाडीत बसायचं आणि दौंडला उतरायचं!"

सरळ! लग्नाला वर्ष होत आलं तरी सुमनला (म्हणजे बायकोला) मी पर्वतीपलीकडे काही दाखवलं नव्हतं. फोटो दुपारी चारला. मग सकाळच्या एस.टी.ने रांजणगावचा गणपती, तिथून शिरूरला माझा मित्र योहान, घोडनदीच्या काठी फेरफटका आणि जेवून दौंडची गाडी! एका तिकिटात देव, दोस्त आणि नोकरी!

"अहो, कामाला चाललाय की माहेरपणाला?" सुमनने विचारलं. पण साडी मात्र ठेवणीतली नेसली.

योहान आणि मी पूर्वी पुण्यात एका खोलीत राहायचो. आता तो शिरूरला मिशनच्या कारखान्यात सुतारकाम शिकवत होता. घरचा मळा त्याचे वडील, आबा, पाहायचे. या आबांची ख्याती अशी की त्यांच्याकडे आलेला पाहुणा त्याच दिवशी परत जात नसे. जाणार कसा? आबा त्याची पिशवी लपवीत! आमच्याकडे आग्रहाची ही रीतच आहे, पण आबा त्यातले उस्ताद. (एकदा व्याह्यांची पिशवी कणगीत लपवली आणि कुठे लपवली तेच विसरले. व्याही आठवडाभर राहिले.)

हे मला ठाऊक होतं, म्हणून मी डोकं चालवलं. (माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे याच वाक्याने सुरू होतात.) पडवीत कांद्याच्या गोणी उभ्या होत्या, त्यांतल्या एकीचं तोंड उघडं होतं. कोणी बघत नाही असं पाहून मी भिंग रुमालात गुंडाळलं आणि कांद्यांत कोपरापर्यंत हात घालून खुपसलं. आता आबा पिशवी लपवोत नाहीतर विहिरीत टाकोत!

मग मी राजासारखा नदीवर हिंडलो. सुमनला पाण्यात पाय बुडवून बसवलं, योहानबरोबर जुन्या खोलीतले ढेकूण आठवून आठवून हसलो. परत आलो तर मटणाचा वास वेशीपर्यंत आलेला! पानं वाढली आणि आबांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली.

"देवबापा, भाकरीबद्दल तुझे उपकार मानतो. कालवनाबद्दल मानतो. ह्या लेकीबद्दल मानतो. आन् देवबापा, ह्या पाव्हण्याला आज जायाची बुद्धी देऊ नको. आमेन!"

"आमेन!" सगळे म्हणाले. पाठोपाठ मीही म्हणून बसलो!

जेवण झालं. हात धुऊन पाहतो तर खुंटीवरची पिशवी गायब. मी मिशीतल्या मिशीत हसलो.

"आबा, राहू दे पिशवी तुमच्याकडेच. आम्ही निघतो."

"आवं, पिशवी टाकून जाताय व्हय?" आबांचं तोंड एवढंसं झालं.

सुमनला दया आली. "आबा, यांना आज पहिल्यांदाच एकट्याला काम दिलंय. ते चुकलं तर फार नुकसान होईल हो."

आबा ताडकन उठले आणि चुलीमागून पिशवी काढून माझ्या हातात दिली. "मंग आधी न्हाई का सांगायचं? कामाच्या माणसाला आडवायचं म्हंजी पाप हाय!"

इतकं सोपं होतं! मी ऐटीत पडवीत गेलो. पडवी स्वच्छ झाडलेली होती.

"आबा, कांदे?"

"कांदं व्हय? तुमी नदीवर व्हता तवा लॉरी आली. भरून दिलं की."

"कुठं?"

"दौंडला!"

मग मी खरं काय ते सांगून टाकलं. आबांनी "आरं देवा!" म्हणून कपाळावर हात मारला. सुमन मात्र पदर तोंडात कोंबून हसत होती. "चला, भिंग तरी वेळेवर पोचलं!"

योहानला घेऊन आम्ही दौंडची गाडी पकडली. अडत्याच्या गाळ्यात आबांच्या गोणी ओळीने उभ्या होत्या, सगळ्यांची तोंडं शिवलेली. मी पहिलीची सुतळी उसवली आणि गोणी पालथी केली.

"आवो, आवो! काय चाललंय काय? लिलाव व्हायचाय आजून!" अडत्या ओरडला. योहान त्याला समजावत होता आणि मी कांद्यांच्या ढिगात रांगत होतो. पायाखाली कांदे फुटत होते, रस अंगभर उडत होता. भिंग निघालं ते अर्थातच शेवटच्या गोणीत! आनंदाच्या भरात मी त्याच रसाळ रुमालाने घाम पुसला.

"डोळ्यांना लावू नका!" सुमन किंचाळली. तोवर लावून झालं होतं.

समारंभाला पोचलो तेव्हा सगळे खुर्च्यांवर तयार बसले होते. साहेब इतका कडक की त्याच्या बदलीच्या आनंदात स्टाफने पेढे वाटले होते. एकेकाचा चेहरा असा फुललेला की त्या दिवशी "हसा" म्हणायची गरजच पडली नाही. मी भिंग बसवलं आणि काळ्या कापडात शिरलो. आत मी, माझा सदरा आणि आबांचा कांदा! नाकाडोळ्यांना धारा लागल्या, हुंदके बाहेर ऐकू गेले. फोटो कसाबसा काढला आणि बाहेर आलो, तो साहेब समोर उभा.

"आपली ओळख आहे का?"

"न्... नाही साहेब."

"मग रडताय कशाला?"

मी कांदा म्हणणार होतो. पण साहेबाचेच डोळे भरून आले होते. तो हळूच म्हणाला, "इतकी वर्षं नोकरी केली. माझ्यासाठी रडलेले तुम्ही पहिलेच." मला एकदम त्याची फार दया आली. मी त्याचा हात हातात घेतला आणि यावेळी थोडा खराच रडलो.

साहेबाने पुण्याला येऊन मालकांजवळ माझी तोंडभरून स्तुती केली. "असा मनाचा फोटोग्राफर पाहिला नाही!" झालं! बाहेरची कामं मला मिळाली, पण सगळी निरोप समारंभांची. जिथे तिथे "तो रडणारा फोटोग्राफरच पाठवा" अशी मागणी.

आज इतकी वर्षं झाली, तरी मी कामाला निघालो की सुमन दाराशी येते. भिंग घेतलं का, असं ती कधीच विचारत नाही. ती विचारते, "अहो, कांदा घेतलात ना?"