आमचं गाव मी ऑनलाइन आणलं त्याची हकीकत

"फोटो जरा डावीकडे घे," अण्णा मोहिते म्हणाले. "माझ्या कानावर तो पिवळा पट्टा येतोय."

मी माउसने अण्णांना डावीकडे सरकवलं. रविवारची सकाळ होती. खांदेश्वरमधल्या एका सोसायटीचा हॉल, भिंतीवर प्रोजेक्टर आणि समोर आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाची अख्खी कमिटी. मंडणगडच्या बाजूला आमची छोटी बौद्धवाडी आहे. तिथे जितकी माणसं राहतात त्याच्या तिप्पट कामोठे, खांदेश्वर, कळंबोलीत राहतात, आणि गावाचा विकास कसा करायचा ते इथली माणसं ठरवतात. आधी कमान झाली, मग कमानीवरचे दिवे झाले. या वर्षी ॲप होतं.

अण्णा मंडळाचे अध्यक्ष. सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठलाही कागद तीनदा परत पाठवायची सवय अजून गेलेली नाही.

"हा फोटो किती वेळ दिसणार?" त्यांनी विचारलं.

"दोन सेकंद. याला स्प्लॅश स्क्रीन म्हणतात. ॲप उघडेपर्यंत लोकांना काहीतरी बघायला द्यायचं असतं."

"दोन सेकंदांत काय बघणार? सात कर."

मी सात केले. मग खजिनदार म्हणाले, एकट्या अध्यक्षांचा फोटो बरा दिसत नाही, कमिटीचाही हवा. कमिटी अकरा जणांची. मी फोटो बारीक करून लावले, तर पुढच्या मीटिंगला दोघांनी तक्रार केली की आम्ही धूसर दिसतो. म्हणून स्टुडिओत काढलेले मोठेच्या मोठे फोटो जसेच्या तसे टाकले. एकेका फोटोचं वजन अख्ख्या ॲपपेक्षा जास्त होतं. हे मला कळत होतं. पण त्या हॉलमध्ये पाहणारी सगळी माणसं वायफायवर होती.

आता माझ्याबद्दल. मी महाप्यात एका आयटी कंपनीत चौदा वर्षं प्रोग्रामिंग करतोय. सध्या परदेशातल्या लोकांना घरबसल्या कुत्र्यामांजरांचा विमा काढता यावा म्हणून मी रोज राबतो. तिथे कोडची एक ओळ लिहायच्या आधी महिनाभर विचारपूस चालते. तिला रिक्वायरमेंट घेणं म्हणतात. ज्याला ती वस्तू वापरायची आहे त्याला गाठायचं, तो आज आपलं काम कसं करतो ते बघायचं, आणि मगच कीबोर्डला हात लावायचा. कुत्र्यांच्या मालकांच्या आम्ही चाळीस मुलाखती घेतल्या होत्या. गावाच्या ॲपसाठी मी अकरा जणांशी बोललो, तेही त्यांच्या फोटोबद्दल.

ॲपची कल्पना सोपी होती. वाडीतल्या सात बायकांचा बचत गट आहे. माझ्या चुलतभावाची बायको, सुमनवहिनी, तो चालवते. फणसपोळी, कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ असा माल त्या करतात. अण्णा म्हणाले, "माल चांगला आहे, पण त्यांना मार्केट नाही. मार्केट आपण देऊ." सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. मार्केट नाही हे अण्णांना कोणी सांगितलं, असं कोणी विचारलं नाही.

मी दोन महिने शनिवार-रविवार घालून ॲप केलं. ऑर्डर कुठवर पोचली ते दाखवणारी हिरवी रेघ केली, मालाला तारे द्यायची सोय केली. विकणाऱ्यासाठी वेगळं लॉगिन ठेवलं. फोन नंबर टाकायचा, मेसेजमध्ये ओटीपी म्हणजे सहा आकडे येणार, ते तीन मिनिटांत भरायचे, की आलेल्या ऑर्डरी दिसणार. वहिनीला लिंक पाठवली आणि बोलून मेसेज टाकला की हे फोनमध्ये घ्या आणि लॉगिन करा. तिचं उत्तर आलं, "बरा, भावजी." एवढ्यावर ट्रेनिंग पूर्ण झालं असं मी समजलो.

मे महिन्याच्या सुरुवातीला उद्घाटन झालं. अण्णांनी बटण दाबलं, सात सेकंद स्वतःकडे पाहिलं, टाळ्या झाल्या. मला शाल मिळाली. मंडळाच्या सगळ्या ग्रुपवर अण्णांनी निरोप टाकला: आजपासून गावच्या मालाची ऑर्डर फक्त ॲपवरच द्यावी. चार दिवसांत साठ ऑर्डरी आल्या. मी स्क्रीनशॉट टाकला, खाली अंगठ्यांची रांग लागली.

तीन आठवड्यांनी समोरच्या फ्लॅटमधल्या कदमबाई लिफ्टपाशी भेटल्या. त्या आमच्याच वाडीच्या.

"नितीन, आमचं आगळ कुठवर आलं रे?"

"प्रोसेसिंगमध्ये दिसतंय, काकी."

"म्हणजे कुठे? महाडला?"

घरात जाऊन लॅपटॉप उघडला. साठच्या साठ ऑर्डरी तशाच पडल्या होत्या. विकणाऱ्याच्या लॉगिनने आत एकदाही कोणी आलं नव्हतं. वहिनीला फोन लावला, लागला नाही. मेसेज टाकला. अण्णांचा मात्र लगेच लागला.

"लोकांच्या तक्रारी येतायत," ते म्हणाले. "तू सर्व्हर वाढव."

"अण्णा, सर्व्हर रिकामा बसलाय. माल पाठवणाऱ्या बाईला ऑर्डर दिसतच नाहीये."

"मग ॲपमध्ये तशी सूचना टाक. माझ्या सहीने."

मी शुक्रवारची रजा मागितली. आमच्या मॅनेजरबाईंनी विचारलं, "एकदम कशी? काही इश्यू आहे?"

"हो, प्रॉडक्शन इश्यू." चालू झालेली वस्तू लोकांच्या हातात बंद पडते तेव्हा आम्ही असं म्हणतो.

"आपल्याकडे तर काही आलं नाही. क्लायंट कोण?"

"माझी वहिनी."

त्यांनी रजा मंजूर केली.

गावाला जायला सुभाषची गाडी बरी. आठवड्यातून दोनदा तो वाडीतून निघतो आणि कळंबोली, कामोठे, खांदेश्वर करत माणसं सोडतो. त्याच्या गावाकडच्या परतीच्या फेरीला मी त्याच्या शेजारी बसलो होतो. माणगावच्या पुढे तो सहज म्हणाला, "तुमच्या मंडळाने दुकान काढल्यापासून माझा टप मोकळा जातो."

"कसलं दुकान?"

"मोबाइलवालं. तीन वर्षं वहिनींचे खोके मी नेतोय. दर रविवारी वीस-पंचवीस असायचे, वर चिठ्ठी लावलेले. लोक गाडीवर येऊन घेऊन जायचे. महिना होत आला, एक खोका नाही."

जे मार्केट देण्यासाठी मी दोन महिने खपलो, ते तीन वर्षं या गाडीच्या टपावरून माझ्याच वस्तीत येत होतं. माझ्या सोसायटीच्या गेटपासून दोनशे पावलांवर उतरत होतं. मला ते माहीत नव्हतं, कारण मी फणसपोळी मॉलमधून आणत होतो.

वहिनीच्या पडवीत पत्र्याचे डबे एकावर एक रचलेले होते. ती चहा घेऊन आली. रागावलेली दिसली नाही. तेच जड गेलं.

"ह्ये राहिला," ती डब्यांकडे बघून म्हणाली. "निम्मा बाजारात व्यापाऱ्याला दिला. पडत्या भावात घेतलान. पाऊस लागला का पोळीला ओल धरते, ठेवून काय करू? आमच्या गटातली शेवंती काजूच्या कारखान्यात जायला लागली."

"वहिनी, साठ ऑर्डरी आल्यात. तुम्ही ॲप उघडलंच नाहीत."

"उघडला की. दोनदा उघडला. चला, दाखवते."

घरात नेटवर्क नाही. वाडीत ते फक्त शाळेच्या मागच्या भिंतीपाशी येतं. रोज चार वाजता वहिनी तिथे जाते, सगळे निरोप ऐकते, उत्तरं देते आणि घरी येते. आम्ही त्या भिंतीला टेकून उभे राहिलो. तिने आपल्या साध्या फोनवर ॲप उघडलं. पडदा पांढरा. बराच वेळ पांढराच. मग वरून खाली अण्णा उतरायला लागले, आधी केस, मग कपाळ, मग चष्मा. अण्णा पूर्ण झाल्यावर कमिटी सुरू झाली. सगळे आल्यावर नंबर टाकायची जागा आली. तिने नंबर टाकला, मेसेज आला. आकडे बघायला ती मेसेजमध्ये गेली, आणि तिच्या फोनने जागा कमी म्हणून मागे ॲप बंद करून टाकलं. स्वस्त फोन असंच करतात. परत उघडलं तर पुन्हा पांढरा पडदा, पुन्हा अण्णांचे केस. मी घड्याळ लावलं होतं. अकरावा माणूस यायला चार मिनिटं लागली. ओटीपीची मुदत तीन मिनिटं. दोन्ही आकडे मीच ठरवलेले.

"आता म्हणेल वेळ संपली," वहिनी म्हणाली. तसंच झालं.

"मग मला कळवायचं ना."

"काय कळवू? मला वाटला, मंडळाचा कायतरी कार्यक्रम हाय. फोटो तुमचेच सगळे. आमचा कोन नव्हता त्यात."

फोन कमरेला खोचत ती म्हणाली, "भावजी, करायच्या आधी मला एक विचारला असतात तर सांगितला असता."

मग मी विचारलं, कंपनीत विचारतो तसं. आधी कसं चालायचं, अडायचं कुठे? अडायचं एकाच ठिकाणी. लोक वाडीतल्या बायकांच्या ग्रुपवर ऑर्डर लिहायचे आणि ती वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जायची. तीस-चाळीस निरोपांत एखादी राहून जायची, मग ते माणूस रुसायचं. तिला फक्त शुक्रवारी चार वाजता एक यादी हवी होती: कोणाला काय, आणि सुभाषच्या कुठल्या थांब्यावर.

ते मी तिथेच, शाळेच्या मागच्या पायरीवर बसून केलं. लोकांनी एका साध्या फॉर्ममध्ये नाव, माल आणि थांबा भरायचा. शुक्रवारी सगळ्याची मिळून यादी वहिनीला साध्या मेसेजने जाते. लॉगिन नाही, हिरवी रेघ नाही, तारे नाहीत. चौदा वर्षांच्या अनुभवाला त्यासाठी दीड तास लागला. नवशिक्यालाही तेवढाच लागला असता. पडलेल्या साठ ऑर्डरींची यादी मी तिला हाताने लिहून दिली, आणि रविवारी सुभाषच्या टपावर तेवीस खोके चढले. बाकीच्यांसाठी माल उरला नव्हता.

पुढच्या मीटिंगला मी कमिटीला सांगितलं की ॲप बंद करतोय.

"यशस्वी झालेलं ॲप बंद का करायचं?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, त्या ॲपवरून एकही खोका आला नाही."

"साठ ऑर्डरी आल्या की नाही?"

"आल्या."

"मग?"

मी शाळेच्या भिंतीची गोष्ट सांगितली, चार मिनिटं आणि तीन मिनिटंही सांगितली. मग खजिनदारांनी हळूच विचारलं की फोटोंचं काय होणार. चर्चा अर्धा तास चालली. ठराव झाला की मंडळाची एक वेगळी वेबसाइट करावी आणि तिथे कमिटी कायम दिसावी. ती मी करून दिली. ती उघडायला लागणारा वेळ मी मोजलेला नाही.

पाऊस लागायच्या आत वहिनीने थोडा नवा माल केला, तोही गेला. तिची नेहमीची काही घरं मात्र त्या तीन आठवड्यांत दुसरीकडे वळली ती परत आली नाहीत. कदमबाई आल्या. शेवंती कारखान्यातच राहिली, तिथला पगार निदान वेळेवर मिळतो म्हणाली. मंडळाच्या वार्षिक अहवालात 'गाव ऑनलाइन आणले' अशी एक ओळ आहे आणि खाली माझं नाव आहे.

तेव्हापासून बऱ्याच मंडळांचे फोन येतात. सगळ्यांना आपापल्या गावाच्या विकासासाठी ॲप हवं असतं. मी आधी एवढंच म्हणतो की जी माणसं ते गावात बसून वापरणार, त्यांच्यातल्या एकाचा नंबर पाठवा, मग बोलू. बहुतेक जण संध्याकाळपर्यंत पाठवतो म्हणतात आणि लोगो पाठवतात.