खंडेनवमीची जपानी तलवार

शेजारच्या डच आजींना एवढंच हवं होतं की, आपले वडील खोटं बोलत नव्हते असं कुणीतरी सांगावं. वडील दुसऱ्या महायुद्धात जावामधल्या जपानी छावणीत कैदेत होते. सुटका झाली तेव्हा एका जपानी अधिकाऱ्याने आपली वडिलोपार्जित तलवार स्वतःहून त्यांच्या हातात ठेवली, असं ते सांगत. आजींचा भाऊ म्हणे, सगळ्या थापा, बाजारातून आणलेली नक्कल आहे. त्यावरून दोघांचं बोलणंही तुटलं होतं.

जुन्या शस्त्रांचे एक जाणकार सापडले, पण कोरोनामुळे ते घरी येईनात आणि आजींना व्हिडिओ कॉल जमेना. म्हणून तलवार आमच्या नेदरलँड्समधल्या, रायस्वाइकच्या फ्लॅटमध्ये आली. जाणकारांच्या सूचनेप्रमाणे मी मूठ सोडवली, पातं टेबलावर ठेवलं आणि आत ऑफिसच्या मीटिंगला बसले.

विमानं बंद असल्यामुळे आई आमच्याकडेच अडकली होती आणि त्या दिवशी नेमकी खंडेनवमी. मी बाहेर येते तर पाटावर नवऱ्याचा स्क्रूड्रायव्हर, सायकलचा पंप आणि मधोमध तलवार! हळदकुंकू, फुलं, सगळं यथासांग. मुठीच्या आत असतो तो भाग चिंच-मीठ लावून लख्ख घासलेला.

"अगं, गंजलेल्या शस्त्राची कुणी पूजा करतं का?" आई म्हणाली. "आणि अक्षरं बघ कशी छान दिसतायत!"

दिसत होती खरी. कॉलवर जाणकारांनी ती मला कॅमेऱ्याजवळ धरायला लावली. मग म्हणाले, नाव जुन्या नामांकित कारागिराचं आहे, पण अशी नावं नंतरही कोरली जात. खरं-खोटं ओळखायचं ते तिथल्या गंजावरून.

"आता मीच काय, कुणीच खात्रीने सांगू शकणार नाही."

माझं डोकंच चालेना. आईवर ओरडावं तर तिने मनोभावे पूजा केलेली. शिवाय ज्यांनी आजींच्या वडिलांना कोंडलं, त्यांच्या शस्त्राला आमच्या घरात कुंकू लागलं. हे आजींना सांगायचं तरी कसं?

शेवटी मूठ परत बसवली, मास्क लावून तलवारीसकट त्यांच्या दारात गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे आता कुणालाच काही ठरवता येणार नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"माझ्या भावालाही?"

"त्यांनाही नाही."

आजींनी तलवार माझ्या हातातून घेतली आणि छातीशी धरली.

"तुझ्या आईला थँक यू सांग," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.