बर्फाच्या शक्यतेचा आठवडा

आयर्लंडच्या या आग्नेय कोपऱ्यात बर्फ क्वचितच पडतो. पडते ती त्याची शक्यता, आणि ती मात्र दर हिवाळ्यात इतकी मुबलक पडते की सारा जिल्हा तिच्याखाली गाडला जातो. त्या वर्षी जानेवारीच्या मध्यास, एका रविवारी दुपारी, रेडिओवरच्या बाईंनी अत्यंत जबाबदारीने सांगितले की आठवड्याच्या उत्तरार्धात थंडीची लाट येऊ शकेल, आल्यास काही भागांत जोरदार हिमवृष्टी होऊ शकेल, तथापि आजच खात्रीने काही सांगणे कठीण आहे. एवढ्या अटी घालून केलेले विधान मी पीएच.डी.च्या प्रबंधांतही फारसे वाचलेले नाही. श्रोत्यांनी त्यांतली एकही अट ऐकली नाही. संध्याकाळपर्यंत आमच्या भागातल्या दुकानांमधला पाव संपला.

काळजी मलाही वाटली, पण ती पावाची नव्हती. गुरुवारी सकाळी माझी ड्रायव्हिंगची परीक्षा होती.

पन्नाशी ओलांडल्यावर गाडी शिकायला घेतली हे सांगताना मला अजूनही थोडे अवघडल्यासारखे होते. पुण्यात मी महाविद्यालयात इतिहास शिकवत असे आणि रिक्षाने जात-येत असे. माझे पती वॉटरफोर्डच्या रुग्णालयात हाडांचे डॉक्टर. मुलगी शिकायला बाहेर गेल्यावर मी नोकरी सोडून त्यांच्याकडे राहायला आले. घर शहराबाहेरच्या वसाहतीत, जिथून बस जात नाही. तेव्हापासून कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा नवऱ्याची ड्यूटी संपण्याची वाट पाहणे हा माझा दिनक्रम झाला होता. अशात जवळच्या एका लहान गावातल्या ग्रंथालयाला अर्धवेळ सहायक हवी असल्याचे कळले. मुलाखतीत मी नेहमीप्रमाणे फार हळू बोलले, तरीही तिथल्या ग्रंथपाल बाईंना मी पसंत पडले. अडचण एकच होती. आठवड्यातून दोनदा शेजारच्या खेड्यातल्या शाखेत पुस्तके गाडीने न्यावी लागत, त्यासाठी पक्का परवाना हवा होता. "महिनाअखेरपर्यंत मी जागा धरून ठेवते," त्या म्हणाल्या, "पुढचं माझ्या हातात नाही." महिनाअखेरच्या आत मला मिळालेली परीक्षेची तारीख ही एकच होती.

सोमवारी दुकानात आमची आयरिश शेजारीण भेटली. तिच्या ढकलगाडीत पावांचा असा ढीग होता की तळाचे पाव चपटे झाले होते.

"तुला मिळाला का गं पाव?"

"आम्ही पाव फारसा खात नाही," मी म्हणाले.

"अगं, पण बर्फ आला तर?"

बर्फ आल्यावर माणसाला पावाखेरीज काही पचत नाही, अशी या देशाची श्रद्धा दिसते. तिने माझ्याकडे अशा कळवळ्याने पाहिले की जणू बर्फ वितळल्यावर आम्हाला शोधून काढायला तिलाच यावे लागणार होते. मी हसले. माझ्यासारख्या भिडस्त माणसाला तुच्छता दाखवायला हसण्यावाचून दुसरे साधन नसते.

तिला हसायचा अधिकार निदान आम्हा मराठी मंडळींना नव्हता, हे त्याच रात्री आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटाने सिद्ध केले. गटात बहुतेक डॉक्टर आणि आयटीतले इंजिनियर, म्हणजे ज्यांच्या शिक्षणावर दोन देशांनी विश्वास टाकला आहे असे लोक. एका इंजिनियरने हवामानाचे रंगीत नकाशे टाकायला सुरुवात केली. "मतलब, अमेरिकन मॉडेल सोडा, युरोपियन बघा," असे तो ज्या अधिकाराने लिहीत होता, त्यावरून वारे त्याला विचारून दिशा बदलतात असे वाटावे. दुसऱ्याने लिहिले, "हे लोक ब्रेडसाठी काय वेडे होतात यार, जोक आहे!" आणि लगेच त्याच माणसाचा पुढचा संदेश आला, "इंडियन स्टोअरमधली कणीक संपली. कुणाकडे एक्स्ट्रा बॅग आहे का?" अध्यक्षीणबाईंनी सर्वांना सूचना दिली की पाइप गोठतील, तेव्हा बादल्या, पातेली आणि कुकरसुद्धा भरून ठेवावेत. एका हृदयरोगतज्ज्ञाने बाथटब काठोकाठ भरून त्याचा फोटो पाठवला. त्याला टाळ्या मिळाल्या. त्याच्या मुलांना पुढे शुक्रवारपर्यंत आंघोळ मिळाली नाही, हे त्याच्या बायकोने मला नंतर खासगीत सांगितले.

घरात माझे पती वेगळ्याच उत्साहात होते. "बर्फ म्हणजे मनगटं," ते म्हणत. "पडला की दुसऱ्या दिवशी रांग. माणूस घसरतो, हात टेकतो, मोडतो." आकाशाकडे पाहून पिकाचा अंदाज बांधणाऱ्या अडत्याचा स्वर त्यात होता. माझ्या परीक्षेविषयी त्यांचे मत एवढेच होते की या वेळी नाही झाली तर पुढच्या वेळी होईल, तोवर मी आहेच की गाडीने सोडायला.

साऱ्या प्रकारावर अविश्वास दाखवणारी आमच्या घरात एकच व्यक्ती होती. त्या माझ्या नणंद, पतींच्या थोरल्या भगिनी, तीन महिन्यांसाठी सांगलीहून आलेल्या.

"काय बर्फ बर्फ लावलंय सकाळपासनं," ताई म्हणाल्या. "कृष्णेचं पाणी दारात आलं तरी आम्ही पोळ्या लाटत होतो. ह्यांचं आपलं, न आलेल्या पाव्हण्यासाठी गाद्या घालणं चाललंय."

हे मला मनापासून पटले. मात्र ताईंचे एक व्रत होते. दारात सडा पडल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. आमच्या दारापुढे माती नाही, शेणाचा प्रश्न नाही. रस्त्यापर्यंत उतरत जाणारी सिमेंटची फरशी आहे. तिच्यावर त्या रोज सकाळी तांब्याने पाणी शिंपडत आणि कडेला खडूने चार रेघांची रांगोळी काढत. आयर्लंडमध्ये, जिथे आठवड्यातले पाच दिवस आकाश स्वतःच हे काम करते. आल्या त्याच आठवड्यात मी एकदा धीर करून म्हटले होते, "ताई, रात्रभर पाऊस पडून गेलाय."

"पाऊस देवाचा गं. सडा घरच्या बाईचा."

ओल्या फरशीवर पाणी शिंपडण्याला मी मनातल्या मनात नावे ठेवली आणि चहाचे आधण ठेवले.

बुधवारी हवामान खात्याचा पिवळा इशारा नारंगी झाला. स्वच्छ उन्हात दुसऱ्या दिवशीच्या शाळा बंद झाल्याचे जाहीर झाले. शेवटच्या सरावाला मी माझ्या शिक्षकांबरोबर निघाले. ते निवृत्त बसचालक, साठीच्या पुढचे, शांत गृहस्थ. परीक्षा त्यांच्याच गाडीत द्यायची होती, आणि ग्रंथालयाची गोष्ट त्यांना ठाऊक होती.

"परीक्षा रद्द होईल का?" मी विचारले.

"झाली तर सकाळी मेसेज येईल. नाही आला, तर नाही झाली."

"आणि बर्फ?"

"पडला तर पडेल. तू ग्रँड आहेस."

इकडे सगळेच ग्रँड असते. त्याचा अर्थ चालेल, निभावेल, एवढाच. तरीही त्या आठवड्यात मला भेटलेला तो एकमेव शहाणा मनुष्य होता.

गुरुवार उजाडला तो निरभ्र. एक कणही पडला नव्हता. रस्त्यांवर पालिकेने मीठ टाकलेले, डांबर कोरडे ठणठणीत. रेडिओवरच्या बाई आता म्हणत होत्या की थंडीची लाट अपेक्षेपेक्षा उत्तरेकडून गेली असावी. मेसेज आला नव्हता. पती उजाडण्यापूर्वीच रुग्णालयात गेले होते. मी इस्त्रीचा कुर्ता घातला, वर कोट चढवला, आणि आरशात पाहून, मोठ्याने, "उजवीकडे वळा" हे वाक्य स्वतःलाच दोनदा ऐकवले. शिक्षकांची गाडी फाटकाबाहेर थांबल्याचे दिसले तसे मी दार उघडले.

आमची फरशी वार्निश दिल्यासारखी चकाकत होती. गोठलेल्या दवाचा पांढरा थर ताईंना केर वाटला होता, म्हणून त्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त पाणी ओतले होते, अगदी फाटकापर्यंत. जिल्ह्यात इतरत्र कुठेही नसलेला बर्फ आम्ही घरी तयार केला होता.

"थांबा!" असे ओरडायला हवे होते. माझा आवाज अशा वेळी निघत नाही. शिक्षकांनी सवयीने हात वर करून 'गुड मॉर्निंग' म्हटले, एक पाऊल आत टाकले, आणि ते आडवे झाले.

ताई धावत दारात आल्या. "अगं बाई, पडला की हो! आणि ते पाणी कुठं गेलं सगळं?"

फरशीच्या कडेच्या गवतावरून जाऊन मी त्यांना उठवले. डावे मनगट बघता बघता सुजत होते. ताई आत गेल्या आणि वाटीत हळदीचा गरम लेप घेऊन त्याच गवतावरून आल्या.

"बाईंच्या हातात काय आहे ते?" शिक्षकांनी मला विचारले.

"औषध आहे."

"ग्रँड," ते म्हणाले आणि हात पुढे केला. ताईंनी कोपरापर्यंत हळद फासली.

मग शिक्षकांनी गाडीची किल्ली माझ्यापुढे धरली. "चल. वेळेत पोचू."

"अहो, पण तुमचा हात?"

"परीक्षा आधी. मनगट काय पळून जातंय? तू आत जाऊन परीक्षा दे, मी बाहेर बसतो. मग बघू."

मी गाडी काढली. ते शेजारी बसले, हात मांडीवर, डोळे रस्त्यावर. रस्ते रिकामे होते. सगळे गाव घरात बसून पाव खात असावे. एरवी मी गोंधळले असते असे दोन चौक मी सहज पार केले, कारण माझे लक्ष गाडीकडे नव्हतेच. त्यांचा चेहरा राखाडी पडत चालला होता आणि गाडीला खड्ड्याचा धक्का बसला की ते ओठ आवळत होते. चौकातल्या मोठ्या वर्तुळापाशी परीक्षा केंद्राचा रस्ता सरळ जातो, रुग्णालयाचा डावीकडे.

"सरळ," ते म्हणाले.

मी आरशात पाहिले, डावा दिवा लावला आणि डावीकडे वळले.

"वळण चांगलं घेतलंस," एवढेच ते म्हणाले.

तातडीच्या विभागात बर्फावरून घसरणाऱ्यांसाठी ज्यादा माणसे बोलावून ठेवली होती. ती सारी तत्परतेने उभी होती आणि त्यांच्यापुढे रुग्ण नव्हता. त्या सकाळचे पहिले मनगट आम्ही आणले, आणि पुढे कळले की शेवटचेही तेच होते. वरच्या वॉर्डात पतींना निरोप गेला. ते खाली आले, हळदीने माखलेला हात त्यांनी पाहिला आणि माझ्याकडे वळून मराठीत विचारले, "ताईनं पाडलं?"

"सडा," मी म्हणाले.

त्यांनी परिचारिकेकडे हळद पुसायला कापूस मागितला.

तोवर परीक्षेची वेळ टळून गेली होती. प्लास्टर झाल्यावर शिक्षकांना शेजारी बसवून मीच गाडी आमच्या घरी आणली. तिथून त्यांची मुलगी त्यांना घेऊन गेली. दुपारच्या उन्हात फरशी वाळून गेली होती. शिक्षकांनी जाताना मला एक गोष्ट सांगून ठेवली होती: हवामानामुळे परीक्षा हुकली असेल तर लगेच आठवड्याभरात नवी तारीख देतात, नाही तर रांगेत मागे. म्हणजे ग्रंथालयाची जागा आता एका फोनवर होती. मी फोन लावला. ताई समोर येऊन बसल्या.

पलीकडे एक तरुण, गोड आवाजाची बाई होती. "काय अडचण आली होती?"

"बर्फ," मी म्हणाले. "म्हणजे, गोठलेलं पाणी. माझे शिक्षक पडले."

"अरे देवा. बरे आहेत ना ते? कुठे पडले?"

"आमच्या दारात."

"तुमच्या भागात रस्ते बंद होते का? इथे आज बाकी सगळ्या परीक्षा झाल्या म्हणून विचारते."

ताईंना इंग्रजी कळत नव्हते, पण माझा चेहरा कळत होता. "सांग की, ढीगभर बर्फ होता म्हणून!" त्या कुजबुजल्या. "कोण बघायला आलंय?"

साऱ्या देशाने आठवडाभर न पडलेल्या बर्फाच्या नावाने शाळा बंद केल्या होत्या, दुकाने रिकामी केली होती, बाथटब भरले होते. त्याच बर्फाचा एक लहानसा वाटा मला मागून घेता आला असता.

"नाही," मी म्हणाले. "रस्ते मोकळे होते."

"मग फक्त तुमच्याच घरी?"

"हो. फक्त आमच्याच घरी."

पलीकडे की-बोर्डची टकटक ऐकू आली. ती हसू आवरत होती की मला कुठल्या रकान्यात बसवावे ते शोधत होती, कोण जाणे. "मे महिन्यात चालेल?" तिने अतिशय मायेने विचारले.

मी चालेल म्हणाले. मग ग्रंथालयाला फोन लावला. ग्रंथपाल बाईंना काय सांगायचे ते मी मनात दोनदा जुळवले होते, पण पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज आला: जोरदार हिमवृष्टीची शक्यता लक्षात घेता ग्रंथालय आज बंद राहील, कृपया आपला निरोप ठेवावा. माणसांपेक्षा यंत्रांशी मी नेहमीच अधिक नीट बोलते. खणखणीत आवाजात, एकदाही न अडखळता, मी त्या यंत्राला कळवले की मला परवाना मिळू शकलेला नाही, आणि ती जागा आता त्यांनी दुसऱ्या कुणाला द्यावी.