सलाईनचं चाक

"गप. मोजतेय." हे सिस्टरांचं नेहमीचं. मनगटावरचं घड्याळ सलाईनच्या थेंबांशेजारी धरायच्या आणि ओठ हलवत मोजायच्या. तेवढ्यात डॉक्टर आले तरी त्यांनाही "गप"च. मग नळीवरचं चाक केसभर फिरवायच्या आणि पुन्हा मोजायच्या.

तुम्ही कधी पेशंटजवळ बसला असाल तर पाहिलं असेल, बाटली लावतात, चाक अंदाजाने सोडतात आणि निघून जातात. मी मानपाड्याच्या एका नर्सिंग होममध्ये आया आहे. चौदा वर्षं लादी पुसतेय, बेडपॅन देतेय. थेंब मोजणारी एवढी एकच बाई पाहिली.

सोडियम हा शब्द मला त्यांनीच शिकवला. रक्तातलं मीठ उतरलं की माणूस बरळतो, गुंगीत जातो. म्हातारी माणसं तर नेहमीच यायची. आमच्याकडे सगळ्यांना एकच बाटली लागायची, त्यावर सिस्टर चिडायच्या. "एकाला जुलाबाने झालंय, त्याला साधं सलाईन चालेल. दुसरीचं शरीर पाणी धरून बसलंय, तिचं पिण्याचं पाणी तोडायला हवं. तिसरा शुद्धीवर नाही, त्याला कडक मिठाचं, तेही मुंगीच्या पावलाने. सगळ्यांना एकच कसं गं चालेल?"

त्यांनी वही केली होती. कोणाला काय दिलं, सोडियमचा आकडा कसा चढला, माणूस कसा झाला. राउंडला ती डॉक्टरांपुढे धरायच्या. "बघा, या आजींचं पाणी तोडलं, त्या पाचव्या दिवशी चालत घरी गेल्या. तशाच दुसऱ्या आजींना बाटल्यांवर बाटल्या दिल्या, त्यांचा आकडा आणखी उतरला."

डॉक्टर वही न बघताच हसायचे. "सिस्टर, तुम्ही एमडी करून टाका."

"करते की. तोवर थेंब तुम्ही मोजा."

पाणी तोडलेल्या पेशंटला घरचे लपून शहाळं पाजायचे. एकदा पलंगाखालून सिस्टरांनी शहाळं काढलं. सून म्हणाली, "माझं आहे. मला तहान लागलेली."

"मग स्ट्रॉ सासूबाईंच्या तोंडात कशाला?"

मला चार माणसांत बोलता येत नाही, आवाज घशातच राहतो. बाकीच्या त्यावरून हसायच्या. सिस्टर कधी हसल्या नाहीत. "तू बोलू नकोस, तू बघ," म्हणायच्या. "वॉर्डात बघणारं माणूस लागतं."

मग ती बाई आली. इथलीच, मोठ्या घरातली, सत्तरीची. आकडा फार उतरलेला, हाक मारली तर डोळे उघडत नव्हती. कडक सलाईन सुरू झालं. थेंब सोडायचं मशीन बंद पडलं होतं, म्हणून सगळी भिस्त चाकावर. सिस्टरांनी मला सांगून ठेवलं होतं, हे मीठ झपकन चढलं तर मेंदूला इजा होते, आणि ती लगेच दिसत नाही, चार दिवसांनी दिसते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा डॉक्टरांना म्हणाला, "उद्या घरात हलद हाय, नातवाची. आय नसेल तं हलद लागंल का? आज सोडाच तिला."

"दोन दिवस थांबा," सिस्टर म्हणाल्या.

"मांडव घातलाय, सिस्टर!"

डॉक्टर म्हणाले, "बघतो." त्या घराला नाही म्हणायची त्यांची हिंमत नव्हती.

सिस्टरांना खालून ऑपरेशनला बोलावणं आलं. जाताना मला म्हणाल्या, "इथेच थांब. चाक कोणी हलवलं तर खाली ये. बोलू नकोस, नुसता हात धरून मला वर आण."

मुलगा बाहेर मांडववाल्याशी फोनवर भांडत होता. डॉक्टर एकटे आत आले आणि त्यांनी चाक पूर्ण सोडलं. मग माझ्याकडे बघितलं. "मावशी, लादी झाली का?"

"हो," मी म्हटलं. बादली उचलली. जिना दहा पावलांवर होता. मी उतरले नाही.

सिस्टर वर आल्या तेव्हा बाटली रिकामी होती. त्या डॉक्टरांकडे धावल्या. "आकडा परत खाली आणा, अजून वेळ आहे!" डॉक्टर म्हणाले, "बघा तरी, उठून बसलीय, चहा मागतेय." खरंच मागत होती. संध्याकाळी तिला वाजतगाजत घरी नेलं.

पाचव्या दिवशी परत आणली. जीभ हलेना, घोट गिळेना, हातपाय लाकडासारखे. फक्त डोळे फिरत होते. तिथून तिला ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं.

केबिनमध्ये डॉक्टर मुलाला म्हणाले, "बाटली सिस्टरांनी लावली, कागदावर सही त्यांची." सिस्टरांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. ही तिथे होती."

"मावशी, मी चाकाला हात लावला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मी लादी पुसत होते."

मला डॉक्टरांचा राग येतो. अजून ते त्याच वॉर्डात हसत फिरतात. हळद दोन दिवस पुढे न ढकलणाऱ्या त्या घराचा येतो. सिस्टरांचाही येतो, साक्षीला त्यांना माझ्यासारखीच का मिळावी? आणि स्वतःचा इतका येतो, की ही तीन पानं लिहिताना दोनदा पेन फेकलं.

सिस्टरांना दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं. जायच्या आधी त्यांनी नव्या मुलीला प्रत्येक पलंगाजवळ नेऊन सगळं नीट समजावलं. मला वाटत होतं, त्यांनी आरडाओरडा करावा, काहीतरी फोडावं. त्यांनी पर्स घेतली आणि जिना उतरू लागल्या. मी मागे गेले. खालच्या पायरीवर त्यांचा हात धरला.

त्यांनी हात सोडवून घेतला. माझ्याकडे बघितलं नाही.

"वर जा. तीन नंबरच्या आजींना बेडपॅन हवाय, कधीच्या बेल दाबतायत."

मी वर गेले.