रिकाम्या खाटेची पट्टी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की समोरच्याला गप्प करणारी मी बाई. त्यामुळेच हे लिहायला इतकी वर्षं लागली. आमचं घर बौद्ध, वसमतचं. वडिलांनी देव्हारा काढला तेव्हाच करणी, उतारे, अंगात येणं सगळं त्याबरोबर घराबाहेर गेलं. पुढे मी नर्स झाले. कितीतरी मयतं धुतली, कधी मागे वळून बघावंसं वाटलं नाही. पण एक गोष्ट आहे...

सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचं साल असावं. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर डॉक्टर पाठकांचा खाजगी दवाखाना होता, मी तिथे कामाला होते. डॉक्टर पन्नाशीचे, बोलायला कडक. त्यांनी ईसीजीचं मशीन आणलं. सुटकेसएवढं. हातापायांना रबराने धातूच्या चकत्या बांधायच्या, छातीवर रबरी फुगा चिकटवायचा, मग तापलेली सुई सरकत्या कागदावर ठोके उमटवायची. आम्ही त्याला ‘पट्टी काढणं’ म्हणायचो.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "सिस्टर, अटॅक म्हणजे छातीतच दुखेल असं नाही. जबडा दुखतो, पोटात जळजळ होते, नुसता घाम फुटतो. असा माणूस दारात आला की आधी पट्टी, मग केसपेपर. बाकीची रांग थांबली तरी चालेल."

एरवी सोडा पिऊन घरी गेली असती अशी माणसं त्या नियमामुळे वाचली. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पहिला प्रकार मार्चमधल्या एका दुपारी झाला. खाटेवर कुणी नव्हतं. चकत्या पुसून गादीवर ठेवल्या आणि सुई नीट चालते का बघायला मशीन सुरू केलं. मोकळ्या वायरींवर सुई नुसती थरथरते, कागदावर कंगव्याच्या दातांसारखी दाट रेघ येते. ती आली नाही. ठोके आले. स्वच्छ, एकामागून एक. मी वायरी उचलून बघितल्या — कुणालाच जोडलेल्या नव्हत्या. मी बघत राहिले. ठोके रुंद झाले, वेडेवाकडे झाले... आणि मग सरळ रेघ. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

डॉक्टरांनी पट्टी हातात घेऊन परत दिली. "शेजारच्या गिरणीची मोटार असेल. करंटचा दोष."

तीनच्या सुमारास वाशिमकडून आलेल्या गाडीतून एका तांड्यावरच्या राठोडांना त्यांच्या मुलाने उचलून आणलं. अंग गार पडलं होतं. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"सकाळधरनं पोटात जळजळ व्हती म्हणले," मुलगा सांगत होता. "कनेरगाव नाक्यावरनं गाडी सुटली अन् बापानं मान टाकली. कंडक्टरनं घड्याळ पाह्यलं. दोन वाजून धा मिन्टं."

ती पट्टी मात्र फेकवली नाही, कपाटात कापसाच्या गठ्ठ्याखाली ठेवली.

दुसरा प्रकार मे महिन्यात, सकाळी अकराला. बाहेर रांग होती. मी मशीन लावत होते, चकत्या अजून गादीवरच पडलेल्या होत्या. बटन दाबलं आणि ठोके सुरू झाले. दर चौथा ठोका वेगळा, रुंद, अडखळल्यासारखा. मी झटकन मशीन बंद केलं. पट्टी फाडून थेट डॉक्टरांपुढे धरली.

त्यांनी ती उजेडात नेली. "कुणाची ही? ठोक्यामागची रेघ वर उचललीय, याला अटॅक येतोय. त्याला चालायला लावू नका, झोपवा."

"साहेब, खाट रिकामी आहे."

ते खाली बसले, आणि त्यांचा हात जबड्याकडे गेला. तेव्हा मी त्यांच्याकडे नीट बघितलं. पंखा चालू होता आणि त्यांच्या कानामागून घाम ओघळत होता.

"साहेब, कवापासून दुखून राहिलंय?"

"काही नाही. दाढ आहे. मला वसमतला व्हिजिटला निघायचंय, पेशंट आत पाठवा."

"तुमीच शिकवलंय मला. आधी पट्टी."

मोटरसायकलची किल्ली मी टेबलावरून उचलून मुठीत धरली. आमचे शिपाई गंगाराममामा दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, बाईचं ऐका." तेव्हा कुठे डॉक्टर खाटेवर आडवे झाले. मी चकत्या बांधल्या. मशीन सुरू केलं. दर चौथा ठोका रुंद. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. कुठली आधीची हे वर लिहिलं नसतं तर मलाही सांगता आलं नसतं.

ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, भाड्याच्या जीपमध्ये गादी टाकून नांदेडला नेलं. वाटेत दोनदा त्यांची नाडी हाताला लागेनाशी झाली. पण वाचले.

तीन महिन्यांनी ते दवाखान्यात आले, काठी टेकत. दार लावून घेतलं आणि विचारलं, "सिस्टर, त्या दिवशी कागद संपला होता, की मशीन तुम्ही बंद केलं?"

"मी बंद केलं."

"राठोडांच्या वेळी?"

"चालूच ठेवलं होतं, साहेब. सरळ रेघ येईपर्यंत."

त्यांनी मशीनवर कापड ओढलं. मग म्हणाले, "हे कुणाला सांगू नका." दुसऱ्या दिवशी मशीन गेलेलं होतं. विकलं की आणखी काय केलं, मी विचारलं नाही.

गिरणीची मोटार म्हणा, योगायोग म्हणा. मी सगळं म्हणून बघितलंय, एकही पटत नाही. आता माझी सत्तरी उलटलीय. गेल्या महिन्यापासून जिना चढताना डावा हात भरून येतो. लेक म्हणते, "आई, एकदा ईसीजी काढून घे, दोन मिनिटांचं काम." तिला मी उद्या म्हणते. सुई सुरू झाली आणि कुणी वेळेत बंद केली नाही तर? चाळीस वर्षं लोकांना ‘आधी पट्टी’ सांगणारी मी... आणि रोज उद्या म्हणते.